हजारात किती

चौथी जोडी, डावी बाजू. सुपारीएवढी गाठ.
बाटलीच्या पट्टीवर एवढंच,
खाली नाव : फारुश्का, कुत्री, वय नऊ,
धनी आदेरितु, मेंढपाळ.
गावाचं नाव फॉर्मेलिनच्या थेंबानं पुसलं होतं.

मी डॉक्टर नाही. मी मोजणारी.
व्हीला रिआलच्या पशुरुग्णालयात, तळमजल्यावर,
सोळा वर्षं माझी खुर्ची
खिडकीकडे पाठ करून बसलेली.
कोणाशी गाठ आहे ते कळायला
गाठच कापावी लागते :
मेणात बसवून, इतकी पातळ
की सुस्कारा टाकला तर उडून जाईल.
फॉर्मेलिननं प्रथिनांची तोंडं बांधलेली असतात,
उकळल्याशिवाय ती बोलत नाहीत.

पहिल्या काचेला विचारते, कोण कोण दुभंगायला निघालंय?
केआय-सदुसष्ट.
निघालेल्यांची केंद्रकं तपकिरी होतात,
आमच्या पाद्र्याच्या डबीतल्या तपकिरीसारखी,
बाकीच्या निळ्या, जागच्या जागी.
बोटाखाली मोजणीयंत्र. टिक. टिक.
हजार पेशींत तीनशे बारा.
कमी निघावं असं वाटलं म्हणून पुन्हा मोजल्या.
तीनशे नऊ.
तीन पेशींनी कुणाचं भलं होत नाही.

दुसऱ्या काचेवर ई-कॅडहेरिन,
पेशीला पेशीशी धरून ठेवणारं.
जिथे ते आहे तिथे प्रत्येकीभोवती तपकिरी कड,
गावातल्या दगडी कुंपणासारखी, न तुटलेली.
खालच्या कोपऱ्यात कड विरत गेली होती,
आणि तिथून पाच-सहा जणी
एका शिरेच्या दिशेनं.

गुरुवारी तो स्वतःच आला.
डॉक्टर शस्त्रक्रियेत. टोपी हातात,
कोटाला ओल्या लोकरीचा वास.
"टक्के मला कळत नाहीत. दाखवा."
मी उठले, त्याला बसवलं.
आधी नको तो डोळा मिटला त्यानं,
मग बराच वेळ काही बोलला नाही.
"ह्या," तो म्हणाला, "ज्यांचं अंग
दुसरीच्या अंगाला लागत नाही,
ह्या गेलेल्या. संध्याकाळी कळपात
अशाच उभ्या असतात जाणाऱ्या."
मला हे शिकायला
दोन परीक्षा द्याव्या लागल्या होत्या.

डोळा न काढता त्यानं विचारलं,
"दिउलिंदाची पण अशी काच असेल?"
असेल, म्हटलं. जिल्ह्याच्या इस्पितळात,
कुठल्यातरी खणात, मेणाचा ठोकळा.
हे सांगितलं नाही
की तिकडेही असेच प्रश्न, असाच तपकिरी रंग.
"तिला कुणी आकडा सांगितला नाही.
धीर धरा म्हणाले.
धरला तिनं. दोन हिवाळे.
ही तेव्हा पिल्लू होती, तिच्या पायाशी झोपायची,
बाजूला केली की गुरगुरायची."

मग, जाता जाता, दारात :
"मे महिन्यात कळप वर न्यायचाय.
येईल ही?"
माझ्या कागदावर त्यासाठी रकाना नाही.
श्रेणी तीन, एवढं आहे.
महिने डॉक्टर सांगतील, म्हटलं.
"टाक्यांना लागतो म्हणून
खिळ्यांचा पट्टा काढून ठेवलाय," तो म्हणाला,
"लांडग्यांना कळायला नको."
हसला की नाही, ते कळलं नाही.

मी खुर्ची फिरवली.
बाहेर त्याच्या टेम्पोत बाजाराला निघालेल्या
दोन मेंढ्या, आणि ती,
पोट भादरलेलं, चारी पायांवर उभी.
एकीला नाक लावलं. दुसरीला लावलं.
मग परत पहिलीला.
तिलाही पुन्हा मोजावं लागतं.

टेम्पो चढाला लागेपर्यंत बघत होते.
मग पुढची बाटली घेतली.
मांजर, उजवा कान, वय बारा.